चाळीस इंची फुल एचडी चांगला चालतोय, तरी फोरके घ्यावा का?

ओसरी

नमस्कार मंडळी. दिवाळी पाडव्याच्या आत निर्णय घ्यायचाय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमच्याकडे २०१४ साली घेतलेला चाळीस इंची फुल एचडी टीव्ही आहे. अकरा वर्षांत एकदाही उघडावा लागला नाही. घरात चार माणसं: मी, नवरा, तेरा वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाई बहात्तरच्या आहेत, मागच्या वर्षी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. दिवसातले चार-पाच तास टीव्ही त्यांच्याकडेच असतो. सकाळी सह्याद्री, दुपारी बातम्या, संध्याकाळी मालिका. लेक क्रिकेट खेळते, त्यामुळे सध्या महिला विश्वचषकाचा एकही सामना चुकत नाही. नवरा रात्री जेवणं उरकली की ओटीटीवर चित्रपट लावतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ३० हजारांचा असलेला टीव्ही आधी ३८,४०० ला पडायचा, आता ३५,४०० ला. तीन हजार वाचतात म्हणून नवऱ्याने विषय काढला. चिंचवडात दोन दुकानं फिरलो. दोन्हीकडे एकच ऐकलं, "वहिनी, ५५ इंची फोरकेच घ्या, आता फुल एचडी कोण घेतं?"

पण शेजाऱ्यांकडे नवा ५५ इंची फोरके आहे. परवा तिथे बसून संध्याकाळची मालिका पाहिली तर ती आमच्या जुन्या टीव्हीपेक्षाही धूसर वाटली. मग चौपट ठिपके कुठे गेले? कुणी नीट समजावून सांगेल का? इतके पैसे घालायचे तर घरातल्या सगळ्यांना, आणि आधी सासूबाईंना, फरक दिसायला हवा.

तारतम्य

ओसरी, शेजाऱ्यांकडे तुम्हाला जे दिसलं ते बरोबर दिसलं. त्यातच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८० म्हणजे साधारण २१ लाख ठिपके असतात, फोरकेवर ३८४० × २१६० म्हणजे ८३ लाख. साध्या दर्जाचं चॅनल मात्र येतं ७२० × ५७६ मध्ये, म्हणजे जेमतेम चार लाख पंधरा हजार ठिपके. फोरके टीव्हीला त्या एकेका ठिपक्यातून वीस ठिपके तयार करावे लागतात. ते तो आजूबाजूचे रंग बघून अंदाजाने भरतो. त्यात पडदा मोठा, म्हणजे अंदाजातल्या चुकाही मोठ्या. चेहरे मेण लावल्यासारखे गुळगुळीत दिसतात, अक्षरांच्या कडा फुगतात. शेजाऱ्यांकडे मालिका साध्या चॅनलवर लावली असणार.

दुसरी गोष्ट अंतराची. धडधाकट डोळा एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा बारकावा वेगळा ओळखतो. त्यावरून एक सोपा हिशोब मी वापरतो: टीव्हीच्या इंचांना १३ ने गुणायचं आणि १०० ने भागायचं. जे फूट येतील त्यापेक्षा लांब बसलात तर फुल एचडीचे ठिपकेसुद्धा वेगळे दिसत नाहीत, मग त्याहून बारीक ठिपक्यांचा उपयोग नाही. ४० इंचांना ५.२ फूट, ५५ ला सव्वासात, ६५ ला साडेआठ. (तरुण, तीक्ष्ण डोळ्यांना याच्या थोडं पलीकडूनही दिसतं, तेवढी सूट धरा.)

म्हणून आधी तीन गोष्टी सांगा. बसता तिथून पडदा किती फुटांवर आहे? टेप लावून मोजा, अंदाजाने नको. सेट-टॉप बॉक्स एचडी आहे का? आणि तो टीव्हीला कोणत्या वायरने जोडलाय? मागच्या बाजूला हात घालून बघाच.

परळचा_पूल

तारतम्य यांच्या हिशोबाला अनुमोदन, पण त्यातून "फोरके नको" असा अर्थ कुणी काढू नये. आमची खोली नऊ फूट रुंद. पलंगावरून पडदा बरोबर सहा फुटांवर. चार वर्षांपूर्वी ५५ इंची फोरके घेतला आणि मला फरक लख्ख दिसतो. जंगलावरचे माहितीपट लावले की बिबट्याच्या मिशा मोजाव्यात. मुंबईतल्या छोट्या घरांना फोरकेचा फायदा जास्त, कारण आपण पडद्याला खेटून बसतो. मोठ्या दिवाणखान्यात दहा-बारा फुटांवर बसणाऱ्यांनी खरं तर जास्त विचार करायला हवा.

तारतम्य

परळचा_पूल, सोळा आणे सहमत. ५५ ला मर्यादा सव्वासात फूट, तुम्ही सहावर, म्हणजे फोरके वसूल.

ओसरी

मोजलं. सोफ्यावर सासूबाई बसतात तिथून पडदा बरोबर नऊ फूट.

बॉक्स एचडीचा आहे. एचडी पॅकचे पैसे गेली पाच वर्षं दर महिन्याला भरतोय. मागे हात घातला तर तीन वायरी निघाल्या: पिवळी, लाल, पांढरी. बॉक्स बसवायला आलेल्या मुलाने त्या लावल्या होत्या, तेव्हापासून कुणी बघितलंच नाही. ही गडबड आहे का?

तारतम्य

हो, मोठीच. त्या पिवळ्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. उजेड आणि रंग दोन्ही एकाच तारेत कोंबून साध्या दर्जाचं चित्र जातं. म्हणून अक्षरांच्या कडेला इंद्रधनुष्यासारखी थरथर दिसते. तुम्ही पाच वर्षं एचडीचे पैसे भरताय आणि बघताय साधं चॅनल.

एक एचडीएमआय वायर आणा. १०८० साठी महागडी लागत नाही, दोन-अडीचशेची पुरते. ती लावल्यावर बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा दर्जा १०८० करा आणि आकार १६:९. हे दुसरं पाऊल पुष्कळ जण विसरतात. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र कडेने कापलं जात नाही ना ते बघा. जुन्या टीव्हीत कडा कापायची सोय आपोआप चालू असते, आणि बातम्यांची खालची पट्टी अर्धी गायब होते.

दोन दिवस बघा, मग फोरकेचं बोलू.

कृष्णाकाठ

मी सांगलीला टीव्ही दुरुस्तीचं काम करतो, बावीस वर्षं झाली. दर आठवड्याला असं एक तरी घर सापडतं. लोक म्हणतात टीव्ही म्हातारा झाला, आणि निघते पिवळी वायर.

ओसरीताई, नवा घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. आमच्या टेबलावर काय येतं ते सांगतो.

नव्या टीव्हीत सगळ्यात जास्त जाते ती बॅकलाइटची पट्टी. पडद्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात. कंपनीतून टीव्ही येतो तेव्हा उजेड पूर्ण असतो, तो कुणी कमी करत नाही, आणि तीन-चार वर्षांत आवाज येतो पण चित्र काळं. घरी आणल्यावर पहिल्या दिवशी बॅकलाइट साठ-सत्तरवर आणा. डोळ्यालाही बरं आणि पट्टीलाही.

दुसरं, ओलं फडकं. दिवाळीच्या साफसफाईत पाणी फवारून पडदा पुसतात. ते पाणी खालच्या पट्टीत उतरतं, तिथे पॅनेलच्या बारीक फिती असतात. मग उभ्या रेघा येतात. पॅनेल गेलं तर दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो, मी स्वतःच गिऱ्हाइकाला सांगतो करू नका. कोरडं, मऊ फडकं, टीव्ही बंद करून.

तिसरं, वळवाच्या पावसात विजेचा प्लग तर काढाच, पण डिशची केबल आणि इंटरनेटची वायरपण काढा. वीज त्या वाटेनेही येते. मागच्या मे महिन्यात एका दिवसात सहा बोर्ड आले माझ्याकडे.

तुमचा २०१४ चा सेट अकरा वर्षं चाललाय तर जपा त्याला. त्या वेळचे पॅनेल जाड होते, पण दमदार.

काजवा

माझा अनुभव सांगते, म्हणजे पेटीवरच्या अक्षरांना कुणी फसणार नाही.

दोन वर्षांपूर्वी स्वस्तातला ५० इंची फोरके घेतला. पेटीवर मोठ्या अक्षरात एचडीआर, म्हणजे उजळ आणि काळे भाग दोन्ही ठसठशीत दाखवणारं चित्र. घरी आणून एचडीआर चित्रपट लावला तर रात्रीची दृश्यं आधीच्या टीव्हीपेक्षा काळवंडलेली. कुणाचा चेहरा दिसेना. कंपनीचा माणूस येऊन बघून गेला, म्हणाला टीव्हीत दोष नाही. मग शोधत बसले तेव्हा कळलं की एचडीआर लिहिलंय याचा अर्थ टीव्ही तो संदेश घेऊ शकतो, एवढाच. तो उजळ दाखवायला पडद्यात तेवढा उजेड लागतो, आणि माझा पडदा जेमतेम तीनशे निट्सचा (निट्स हे उजेडाचं माप). मला फार वाईट वाटलं, कारण आईच्या साठीला म्हणून घेतला होता.

म्हणून ओसरी, ठिपके सगळ्या फोरकेंचे सारखेच असतात. फरक पडतो पडद्याच्या जातीने. आयपीएस पडदा बाजूने बसलेल्यालाही नीट दिसतो, पण त्याचा काळा रंग राखाडी दिसतो. व्हीए पडद्याचा काळा रंग तीन-चारपट गडद, पण तिरकं बसलं की रंग उतरतात. तुमच्याकडे समोर कोण बसतं आणि कडेला कोण, ते आठवा आणि दुकानात त्याच कोनातून बघा. दुकानातला टीव्ही भडक मोडवर असतो, सेल्समनला तो साध्या किंवा सिनेमा मोडवर करायला लावा. रिमोट देत नसतील तर पुढच्या दुकानात जा.

ओसरी

वायर बदलली! दोनशे वीस रुपये. बॉक्सच्या सेटिंगमध्ये खरंच ५७६ होतं, ते १०८० केलं.

सासूबाईंना आधी काही सांगितलं नाही. संध्याकाळी मालिका लागली. पाच मिनिटांनी म्हणाल्या, "अगं, हिच्या साडीला काठ आहे होय? मला इतके दिवस वाटायचं साधी आहे." मी स्वयंपाकघरात उभी होते, डोळ्यांत पाणी आलं. पाच वर्षं त्यांना धूसर बघायला लावलं आपण.

चेहरे आता छान दिसतात. पण दोन तक्रारी उरल्या. बातम्यांची खालची पट्टी त्यांना अजूनही वाचता येत नाही, उठून पुढे जातात. आणि संवाद ऐकू येत नाहीत, आवाज तीसच्या वर ठेवावा लागतो, मग लेकीचा अभ्यास होत नाही.

तारतम्य

ओसरी, पट्टीचं दुखणं आकाराचं आहे. अक्षर स्वच्छ असलं तरी नऊ फुटांवरून लहान पडतं. ४० ऐवजी ५० इंच घेतला तर प्रत्येक अक्षर सव्वापट मोठं होतं. सासूबाईंना मोठा पडदा हवा आहे, आणि ५० इंचांच्या वर गेलात की दुकानात बहुतेक फोरकेच मिळतात. म्हणजे फोरके घरी येईल, पण आकाराच्या मागे मागे. तुमच्या नऊ फुटांवर त्या जास्तीच्या ठिपक्यांसाठी वेगळा पैसा मोजू नका. तोच पैसा चांगल्या पडद्यावर आणि आवाजावर घाला.

आवाजाचं महत्त्व लोक फार कमी धरतात. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, आवाज भिंतीला लागून येतो आणि शब्द विरघळतात. संवाद ठळक करायची सोय असलेला साउंडबार घ्या, जुन्या टीव्हीलाही चालतो. वयस्कर माणसांसाठी मी टीव्हीआधी साउंडबार सांगतो.

रिळं_आणि_फिती

चित्रपटवेड्यांसाठी थोडं, धागाकर्तीच्या नवऱ्यालाही उपयोगी पडेल.

जुनं म्हणजे धूसर असं नसतं. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर उतरलेल्या चित्रात फोरके स्कॅनिंग करण्याइतका बारकावा असतो. पुण्यात १९६४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या जुन्या चित्रपटांची फोरकेमध्ये स्कॅनिंग करून डागडुजी सुरू आहे. असा एखादा कृष्णधवल चित्रपट चांगल्या पडद्यावर बघा, नऊवारीचं सूत दिसतं. उलट, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हापासून व्हिडिओ टेपवर साठलेल्या नाटकांना आणि मैफलींना ६२५ ओळींचीच मर्यादा आहे. ते कुठल्याही टीव्हीवर तेवढंच दिसणार. मी त्या मैफली मुद्दाम लहान पडद्यावर बघतो, तिथे त्या शोभतात.

अल्लड

माझे दोन प्रश्न. एटके घ्यावा का? आणि फोरके ओटीटीला इंटरनेट किती लागतं? आमच्याकडे फोनच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालतो.

तारतम्य

एटके विसरा. सव्वातीन कोटी ठिपके, आणि दाखवायला काही नाही. जपानच्या एनएचकेने १ डिसेंबर २०१८ ला एटके चॅनल सुरू केलं, आपल्याकडे तसं काही नाही.

इंटरनेटचं म्हणाल तर नेटफ्लिक्स फोरकेसाठी १५ एमबीपीएस वेग सांगतं आणि तासाला सात जीबीपर्यंत डेटा जातो. रोजचा दीड जीबीचा फोन पॅक पंधरा मिनिटांच्या आत संपेल. घरी फायबर हवं. शिवाय नेटफ्लिक्सवर फोरके फक्त सगळ्यात वरच्या प्लॅनमध्ये मिळतं, १९९ च्या प्लॅनमध्ये चित्र ७२० लाच थांबतं. टीव्ही फोरके आणि प्लॅन १९९ चा, अशी घरं मी बरीच पाहिली आहेत.

कृष्णाकाठ

क्रिकेट बघणार असाल तर एक सेटिंग बंद करा. चित्र गुळगुळीत करणारं काहीतरी नाव असतं, प्रत्येक कंपनीचं वेगळं. ते चालू असलं की टीव्ही दोन चित्रांच्या मधलं चित्र स्वतः बनवतो आणि बॅटवरून निघालेला चेंडू मध्येच गायब होतो. गिऱ्हाईक म्हणतं पॅनेल खराब. बंद केलं की चेंडू परत.

आणि आमच्या सांगलीची स्मृती मानधना खेळताना तरी चेंडू नीट दिसायलाच पाहिजे!

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय केलं ते लिहिते, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

आधी साउंडबार घेतला. आता आवाज चौदावर आहे आणि सासूबाई एकही संवाद पुन्हा विचारत नाहीत.

मग वर्तमानपत्रं चिकटवून भिंतीवर दोन आकार लावले: ५० इंचांसाठी १११ × ६२ सेंटीमीटर आणि ५५ साठी १२२ × ६८. दोन दिवस तसेच ठेवले. ५५ चा कागद कालनिर्णयाच्या खिळ्यावर गेला आणि खिडकीच्या उजेडात आला, दुपारी त्याचा उजवा भाग सगळा चमकणार हे कागदावरच दिसलं. ५० चा बरोबर बसला.

दुकानात या वेळी सासूबाईंनाच नेलं. सोबत मोजायची टेप. टीव्हीपासून नऊ फुटांवर खुर्ची ठेवली, त्यांना बसवलं आणि बातम्यांचं चॅनल लावायला सांगितलं. सेल्समनने आधी समुद्राखालचे मासे लावले होते, ते बंद करायला लावले. ४३ वर पट्टी वाचताना अडखळल्या. ५० वर सबंध पट्टी घडाघडा वाचली, ५५ वरही तशीच. मग सह्याद्री लावायला सांगितलं. ५५ वर ते खूपच पसरट दिसलं, ५० वर सुसह्य. काजवा, तुमचं ऐकून सिनेमा मोडवर दोन पडदे शेजारी शेजारी बघितले. आम्ही सगळे समोरच बसतो, म्हणून व्हीए पडद्याचा घेतला. ३४ हजार. दुकानदार ५५ साठी खूप आग्रह करत होता, पण सासूबाई म्हणाल्या, "मला वाचता येतंय तेवढा पुरे."

२ नोव्हेंबरचा अंतिम सामना त्याच टीव्हीवर बघितला. पावसामुळे उशिरा सुरू झाला, लेकीने जागा सोडली नाही. गुळगुळीत करणारं सेटिंग आधीच बंद केलं होतं. नवी मुंबईच्या मैदानावर शेवटचा झेल गेला तेव्हा सासूबाई धरून अख्खं घर उभं होतं. चॅनल एचडीचंच होतं, फोरके नव्हतं. नऊ फुटांवरून आम्हाला कशाचीच उणीव जाणवली नाही.

परळचा_पूल

अभिनंदन, ओसरी! वर्तमानपत्राची युक्ती लिहून ठेवली. जुन्या टीव्हीचं काय केलंत? एक्स्चेंजमध्ये दिलात का?

ओसरी

नाही. पंधराशे देत होते, मन झालं नाही. लेकीच्या खोलीत भिंतीला लावलाय, एचडीएमआय वायरीसकट. तिच्या पलंगापासून टेपने मोजलं, पाच फूट दोन इंच.